शेवाळ्या कवचात असताना

मावशी रोज सकाळी घरातल्या सगळ्यांचे चष्मे पुसायची. उठल्यावर आधी चहा नाही की वेणीफणी नाही. उशाशी ठेवलेला एकेक चष्मा उचलायचा, खिडकीच्या उजेडाकडे धरायचा, तोंडाची वाफ सोडायची आणि दुकानातून आणलेल्या मऊ फडक्यानं पुसून होता तिथेच ठेवायचा. बाबांचा, आईचा, भाचीचा. लहानपणी भाचीला वाटायचं, चष्मे झोपेत आपोआप स्वच्छ होतात, जसं अंगावरचं खरचटलेलं आपोआप भरून येतं.

मावशीनं लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर "राहून गेलं" म्हणायची, एखादं कापड इस्त्रीला टाकायचं राहून जावं तसं. बहिणीच्या घरी मागच्या खोलीत ती राहायची आणि चौकापलीकडच्या चष्म्यांच्या दुकानात, पडद्याच्या आत, काचा घासायची. फिरतं चाक, त्यावर पाण्याची बारीक धार, दोन बोटांत धरलेली काच, आणि ती हळूहळू फ्रेमच्या मापाला येणारी. घाई केली की कड उडते. मालक पुढून ओरडायचे, "अहो, गिऱ्हाईक उभं आहे इथे!"

"मग बसवा की त्यांना," मावशी आतून सांगायची.

गेम घरात आणला भाचीनं. प्राण्यांच्या झुंजींचा गेम. आपले प्राणी निवडायचे, टीम बांधायची आणि समोरच्याच्या टीमशी पाळीपाळीनं लढायचं. भाची एकदा तापानं पडली होती. मावशी तिच्या कपाळावरची पट्टी बदलता बदलता फोनमध्ये डोकावत होती.

"हा कोपऱ्यातला कोण गं?"

दगडासारखा एक प्राणी होता. पाठीवर शेवाळ, पाय आखूड, डोळे अर्धे मिटलेले.

"शेवाळ्या. सगळ्यांना फुकट मिळतो. वापरत कुणीच नाही."

"का? बिचारा काय वाईट आहे?"

"हळू आहे. त्याची पाळी येईपर्यंत मार खाऊन खाऊन अर्धा होतो. आणि मारतो असा, की समोरच्याला गुदगुल्या व्हाव्यात."

"मरतो लगेच?"

"नाही, मरत नाही लवकर."

"मग मला दे तो," मावशी म्हणाली.

घरात हसून हसून पुरेवाट झाली. बाबा म्हणाले, "जोडी छान जमली." पहिले काही महिने मावशी नुसती हरत होती. शेवाळ्याला वेगाचं औषध पाज, त्याला जोराचा फटका शिकव, असं भाची सांगायची आणि मावशी निमूट करायची. मग एका संध्याकाळी ती दुकानातून आली आणि चप्पल काढता काढताच बोलायला लागली.

"चिमणे, आपलं कुठे चुकतंय सांगू? आपण त्याला पळवायला बघतोय. मोठ्या नंबरची काच मोठ्या फ्रेममध्ये बसवली की कडेनं बाटलीच्या बुडासारखी दिसते. गिऱ्हाईक काचेच्या नावानं खडे फोडतं. काच काय करणार? फ्रेम लहान घ्यायची."

तिनं शेवाळ्याला तसाच ठेवला आणि बाकीची टीम त्याच्या मापानं बांधली. एक साळिंदर, जे पहिल्याच पाळीत मैदानावर काटे पसरून ठेवायचं. समोरच्यानं प्राणी बदलला की नव्या प्राण्याला आल्या आल्या काटा बोचायचा. एक वटवाघूळ, जे काही पाळ्यांपुरता सगळा क्रम उलटा करायचं, म्हणजे सगळ्यांत हळू असेल त्याचीच पाळी पहिली. एवढी तयारी झाली की शेवाळ्या यायचा, समोरच्यावर विषारी बुरशी फेकायचा आणि कवचात शिरायचा. बुरशी समोरच्याला पाळीगणिक पोखरत राहायची. कवचातला शेवाळ्या पाळीगणिक भरून येत राहायचा. मार तर खायचाच. पण जेवढा खायचा त्याहून थोडासा जास्त भरून यायचा, आणि त्या थोड्याशावर मावशीचा सगळा डाव उभा होता.

शेवटचा धडा दुधानं शिकवला. ऐन झुंजीत गॅसवरचं दूध उतू गेलं, मावशी फोन टाकून धावली, आणि ओटा पुसून परत आली तर जिंकलेली होती. गेमचा नियमच तसा होता. पाळीचं घड्याळ संपेपर्यंत बटण दाबलं नाही, तर प्राणी मागचीच चाल पुन्हा खेळायचा. शेवाळ्या आपला कवचातच राहिला होता, समोरचा बुरशीनं संपला होता.

तेव्हापासून मावशीनं बटण दाबणंच सोडलं. एकदा कवच चढलं की ती हात मांडीवर ठेवायची, हनुवटी छातीला टेकवायची, डोळे अर्धे मिटायची आणि घड्याळ संपू द्यायची. आई म्हणायची, "अगं, खेळतेस की डुलक्या काढतेस?"

"समोरचा चिडतो," मावशी डोळे न उघडता सांगायची. "चिडला की चुकतो."

एकानं गेममधून विचारलंही, 'आजोबा, झोपलात काय?' मावशीनं भाचीकडून उत्तर लिहून घेतलं, 'आजोबा नाही. मावशी.'

त्या वर्षी गेमवाल्यांनी जाहीर केलं, की मोठ्या स्पर्धेत एकही झुंज न जिंकणारे प्राणी पुढच्या आवृत्तीतून काढून टाकणार.

"काढून म्हणजे? कुठे ठेवणार?" मावशीनं विचारलं.

"कुठेच नाही. नसणारच तो."

मावशीनं फोन जवळ ओढून शेवाळ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "कुणी वापरत नाही म्हणून काढायचं, ही काय रीत झाली? मला जावं लागणार स्पर्धेला."

त्या दिवसांत तिचा डावा खांदा दुखायचा. उजव्या हातानं ती तो दाबत बसायची. आई डॉक्टरकडे चल म्हणून मागे लागली होती. "चाकावर वाकून अवघडलाय," मावशी म्हणायची. "स्पर्धा होऊन जाऊ दे, मग दाखवते." आईनं दोनदा भांडून पाहिलं आणि सोडून दिलं. मावशीशी भांडणं म्हणजे शेवाळ्याशी झुंजणंच होतं.

स्पर्धेचा हॉल भर दुपारीही अंधारलेला होता. मंचावर समोरासमोर दोन खुर्च्या, मधे टेबल, आणि मागे भिंतभर पडदा. मावशीच्या समोर आलेल्या मुलाला सगळे रॉकेट म्हणत. त्याच्या टीममध्ये एकही प्राणी सावकाश चालणारा नव्हता.

"काकू, जरा पटकन आटपू या हं," तो हसून म्हणाला. "मला पुढची मॅच आहे."

"तुला असेल, बाबा. मला आजचा दिवस मोकळाच आहे."

पुढच्या रांगा हसल्या. भाची मागे बसली होती. तिचा चष्मा मावशीकडेच राहिला होता, त्यामुळे मंचावरची माणसं तिला पाण्यातून पाहावं तशी दिसत होती. पडदा मात्र मोठा होता, तो दिसत होता.

साळिंदरानं काटे पसरले आणि ते पडलं. वटवाघळानं क्रम उलटा केला आणि तेही पडलं. पण काट्यांनी आपलं काम केलं होतं, आणि रॉकेटचा शेवटचा विजेचा चित्ता मैदानात आला तो बोचूनच. शेवाळ्यानं बुरशी फेकली. कवचात शिरला. मावशीनं हात मांडीवर ठेवले, मान खाली घातली.

घड्याळ संपलं. चित्त्याचा तडाखा, कवच, पुन्हा घड्याळ. हॉलमध्ये आधी कुजबुज झाली, मग खसखस पिकली.

"सर, या खेळतच नाहीयेत," रॉकेटनं तक्रार केली.

पंच दोन पावलं पुढे आले, पडद्याकडे पाहिलं, म्हणाले, "नियमात बसतं."

"ही तिची पद्धतच आहे," भाचीनं शेजारच्या मुलीला सांगितलं. तिला गुदगुल्या होत होत्या. "आता बघ गंमत."

ती गंमत हळूहळू सगळ्या हॉलला कळली. कवच टिकलं की टाळ्या पडायला लागल्या. कुणीतरी "शेवाळ्या, शेवाळ्या" सुरू केलं आणि रांगाच्या रांगा त्यात सामील झाल्या. चित्ता पिसाळला होता, प्रत्येक पाळीला थोडा थोडा विझत होता. शेवटचा तडाखा द्यायला म्हणून तो उसळला आणि उसळता उसळताच आडवा झाला. पडदा सोनेरी झाला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

रॉकेट उठला. "मानलं, काकू," असं म्हणत त्यानं हात पुढे केला. भाचीला त्याचा चेहरा दिसत नव्हता. तो हात तेवढा दिसत होता, टेबलावरून पुढे आलेला, तिथेच थांबलेला, आणि मग चटका बसल्यासारखा मागे घेतलेला.

टाळ्या चालूच होत्या. हॉलला थांबायला वेळ लागला. पंच खाली वाकले होते तरी मागच्या रांगांमध्ये शेवाळ्याचा जयघोष चालला होता. भाची खुर्च्यांना धडकत, लोकांच्या पायांवर पाय देत मंचावर पोचली. मावशीची मान नेहमीसारखीच खाली होती. डोळे नेहमीसारखेच अर्धे मिटलेले होते. उजवा हात मांडीवर होता, त्याच्या मुठीत मऊ फडकं होतं आणि फडक्यात भाचीचा चष्मा, लख्ख पुसलेला.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं. "दुखत असणार त्यांना. काहीच बोलल्या नाहीत?" ते विचारत होते. आईचा हात आपल्याच डाव्या खांद्याकडे गेला. बाहेरच्या बाकावर रॉकेट बसला होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. भाची बाहेर आली तसा तो उठला.

"ताई, मी म्हणालो, या खेळतच नाहीयेत," तो म्हणाला. "मी म्हणालो होतो ना? तुम्ही ऐकलंत ना?"

तिनं मान हलवली.

झुंजीचं चित्रण तिनं नंतर पाहिलं. दाबलेलं प्रत्येक बटण त्यात दिसतं. मावशीनं दाबलेलं शेवटचं बटण कवचाचं. त्यानंतर काही नाही, नुसतं घड्याळ, आणि टाळ्या. त्यातल्या कुठल्या पाळीपर्यंत ती मुद्दाम गप्प होती आणि कुठल्या पाळीपासून तशी नव्हती, हे कितीही वेळा पाहिलं तरी कळत नाही.

शेवाळ्या गेममध्ये राहिला. नव्या आवृत्तीच्या यादीत तो तसाच आहे, डोळे अर्धे मिटलेला. घरात आता चष्मे ज्याचे त्याला पुसावे लागतात. बहुतेक सकाळी कुणाच्याच ते लक्षात राहत नाही, आणि चहाच्या टेबलाशी तिघं एकमेकांना धुरकट दिसतात.

स्पर्धेच्या त्या दुपारी पंचांनी पुकारलं तेव्हा मावशी उठून दोन पावलं गेली होती. मग परत फिरली. भाचीला वाटलं, पाण्याची बाटली राहिली असेल. मावशीनं तिच्या नाकावरचा चष्मा सरळ काढूनच घेतला, उजेडाकडे धरला आणि तोंड वाकडं केलं.

"शी, काय घाण केलायस गं! असला लावून दिसतं काय तुला? थांब, पुसून देते."