पीयूसीचं वर्ष आणि हॉलबाहेरचं बाकडं

आज सकाळी ढग अगदी खाली आले होते. पाऊस नव्हता, पण बेळ्ळंदूरच्या बॅडमिंटन हॉलबाहेरचं आमचं बाकडं गार पडलेलं. इथं बसणाऱ्या आम्हा म्हाताऱ्यांकडं किस्से फार साठतात. पोरं आत खेळतात, आम्ही बाहेर घाबरतो, आणि घाबरलेला माणूस बोलतो फार!

कुलकर्णी पुण्याचे. त्यांची सून दोन गेमच्या मधे पोराला केमिस्ट्री विचारते. एकदा पोरगा जिंकत आलेला, आणि शटल सोडून छताकडं बघत उभा! मॅच गेली. बाहेर येऊन म्हणतो कसा, "मम्मी, उत्तर आठवलं!"

*

तेच कुलकर्णी अॅडमिशनच्या कौन्सेलरकडं गेले. तो म्हणाला, "खेळ असेल तर मार्क थोडे कमी चालतील."

"आणि दोन्ही असलं तर?"

"मग फार कॉम्पिटिशन आहे, सर!"

*

शारदक्का आमची शेजारीण, बँकेतून रिटायर झालेली. तिच्या नातवाला कोच म्हणाला, "ब्रेक घेतलास तर रँकिंग गेलं." ट्यूशनचे सर म्हणाले, "ब्रेक नाही घेतलास तर सीट गेली."

अक्का म्हणाली, "सरी, बरं, मग झोपेत घे ब्रेक!"

आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी पोरगं तोंडात ब्रश धरून उभ्याउभ्या झोपलेलं सापडलं. मग कुणी हसलं नाही.

*

माझी नात मेघना, पीयूसीला, म्हणजे बारावीला. आईबाप व्हाइटफील्डला ऑफिसात, म्हणून मी बरोबर असतो. पुढच्या आठवड्यात राज्याची स्पर्धा. पहिल्या चारांत आली तर खेळाच्या कोट्यातून सीट. नाही तर सगळं मार्कांवर, आणि मार्क स्वल्प कमीच.

तिचा गुडघा सुजलाय. महिनाभर मीच बर्फ धरतो. "आज्जा, डॉक्टर म्हणाले चालेल. अम्माला सांगू नको हं." मी शाळा पाहिली नाही. मराठी अक्षरं बहिणीनं घरी शिकवली, इंग्रजी येत नाही. तिनं स्पर्धेचा म्हणून इंग्रजी फॉर्म पुढं केला, मी सही केली.

आज ती लंगडतच आत गेली. तिच्या बॅगेतून टॉवेल काढताना तो कागद हाताला लागला. सहज शारदक्काकडं दिला, "काय लिहिलंय गं?"

तिनं वाचला. चष्मा पुसून परत वाचला. आत शटलचे फटके चालू होते.

"अण्णा," ती हळूच म्हणाली, "डॉक्टरनं खेळू नको म्हटलंय. तरी आम्ही खेळवतो, पायाला काही झालं तर जबाबदारी आमची, असं लिहून दिलंय यात. खाली सही तुमची आहे."