बाबांची दोन सीटांची गाडी

माझ्या वडिलांनी तेहतीस वर्षं बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिकची नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर आयुष्यातली पहिली गाडी घेतली. ती निघाली स्पोर्ट्‌स कार. लाल, बुटकी, कापडी टपाची आणि फक्त दोन सीटांची.

मुरबाडकडच्या एका फार्महाऊसवर ती ताडपत्रीखाली पडून होती. उंदरांनी वायरी कुरतडल्या होत्या, सीटमध्ये मुंग्यांनी घर केलं होतं. मालक परदेशी निघाले होते. ते बाबांना म्हणाले, "चालू करता येत असेल तर घेऊन जा." बाबांनी ती टेम्पोत घालून किन्हवलीला आणली आणि अंगणातल्या मांडवाखाली दीड वर्ष तिच्याशी झटापट केली. ज्या दिवशी ती सुरू झाली, त्या दिवशी शेजारची चार माणसं भात झोडायचं सोडून बघायला आली.

आई मात्र तिच्यात एकदाही बसली नाही. "तिच्यात बसायचं म्हंजे भुईवर फतकल मारायची. उतरताना मला चार मानसं लागतील," असं ती म्हणायची. बाबा एकटेच कुठे कुठे फिरून यायचे आणि शेजारची सीट रोज पुसायचे.

सातव्या महिन्यात मी वाशिंदहून माहेरी आले. बाळंतपण शहापूरच्या दवाखान्यात व्हायचं ठरलं होतं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी जाहीर केलं, "बाल माज्या गाडीतनं घरी येनार. टप उघडा टाकून. अख्ख्या गावानं बघितलं पायजे." मला हसू आलं आणि गहिवरूनही आलं. आम्हा भावंडांना ते कधी दवाखान्यातून आणायला येऊ शकले नव्हते. दोन्ही वेळेला ड्यूटी होती.

पुढच्या रविवारी माझा नवरा एक भलंमोठं खोकं घेऊन आला. त्यात बाळाची कारसीट होती. आईनं ती चारही बाजूंनी न्याहाळली. "एवढ्याशा जिवाला एवढी खुर्ची? आमची पोरं मांडीवर वाढली."

बाबांना मात्र ती फार आवडली. यंत्रासारखं काही दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात. पुस्तिकेतली चित्रं बघून त्यांनी पट्टे कसे ओवायचे ते पाच मिनिटांत ओळखलं, सीट उचलली आणि सरळ आपल्या गाडीत बसवली. तोंड मागच्या बाजूला, पाठ डॅशबोर्डकडे, अगदी चित्रातल्यासारखी. पट्टा ताणून त्यांनी ती हलवून पाहिली. हलली नाही.

"बघा जावई, काय फिट बसलेय! कंपनीनं हिच्यासाठीच केल्यागत."

नवऱ्यानं वाकून डॅशबोर्डकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "बाबा, या गाडीत नको. पुढच्या सीटवर एअरबॅग आहे. बाळाची सीट मागेच ठेवायची असते आणि हिला मागची सीटच नाही. मी आपली गाडी घेऊन येतो."

बाबांचा चेहरा उतरला. जावयाला ते कधी उलट बोलले नाहीत, तेव्हाही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "मी तीस वर्सं गाड्याच बघितल्या, जावई. मी हलूच चालवीन." आणि फडकं उचलून बोनेट पुसू लागले. नवरा चहा अर्धवट सोडून पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेला. मी अंगणात खुर्चीवर, सुजलेले पाय बाजेवर ठेवून बसले होते. कुणाची बाजू घ्यावी ते मला कळेना, कारण त्या लाल गाडीत माझं बाळ मलाही दिसू लागलं होतं.

संध्याकाळी बाबांनी मला हाक मारली. "ए बाय, हितं काय लिवलंय गो?"

उन्हासाठी डोक्यावर जी झडप असते, ती त्यांनी खाली केली होती. तिच्यावर एक पिवळं स्टिकर होतं: बाळाची उलटी सीट, समोरून फुगून आलेली पिशवी आणि त्यावर लाल फुली. मी वाकून वाचलं. समोर एअरबॅग चालू असेल तर मागे तोंड केलेली बाळाची सीट इथे कधीही ठेवू नका, बाळाचा जीव जाऊ शकतो, असं इंग्रजीत लिहिलं होतं. मी मराठीत सांगितलं. बाबांनी त्या लाल फुलीवरून अंगठा फिरवला.

"आमच्या बसला कुठं होत्या या पिशव्या," ते म्हणाले. "मी कदी उघडलेली बघितलीच नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ते शहापूरला गेले. वर्कशॉपमधल्या त्यांच्या एका जुन्या सोबत्यानं हायवेला गॅरेज टाकलं आहे. दुपारी परतले तेव्हा काखेत पांढऱ्या कापडाचं बोचकं होतं. अपघातातल्या गाडीची फुटलेली एअरबॅग. त्यांनी ती ओट्यावर पसरली. आईनं हात लावून पाहिला. जाड, खरखरीत कापड, कडेला जळल्यासारखा डाग.

"पापनी लवायच्या आत फुगते," बाबा सांगू लागले. "त्या गाडीत डॅशबोर्डवर मोबाइल ठेवला व्हता. तो मागच्या काचेवर जाऊन आदळला."

मग ते मला गाडीपाशी घेऊन गेले. बाळाची सीट अजून तिथेच होती. एअरबॅगचं झाकण आणि सीटची पाठ यांच्यामध्ये त्यांनी हात आडवा धरला. चार बोटं बसली, पाचवं बसेना.

"चार बोटं. नि पोराचं डोकं त्याच्याच मागं." त्यांनी हात काढून घेतला. "हलू चालवलं तरी समोरचा हलू येतो व्हय?"

आई दारातून म्हणाली, "मग मी मांडीवर घेते की. ती खुर्चीच नको."

"मग तर तुज्या नि पिशवीच्या मदी पोर चिरडंल," बाबा म्हणाले. आई दारातून मागे फिरली.

मलाच राहवलं नाही. मी विचारलं, "बाबा, तुम्हाला ती बंद नाही करता येणार?"

"नव्या गाड्यांत चावीनं बंद करायची सोय असते म्हनं. हिला नाय. फ्यूज काढता येईल, वायर तोडता येईल." ते बोनेटला टेकून उभे राहिले. "पन बंद झाली का नाय, ते कसं तपासू? डेपोत एका नटाची शंका असली तरी गाडी फाटकाबाहेर काढत नव्हतो मी. मग नातवंडाच्या बाबतीत अंदाज करू?"

त्यांनी स्वतःच पट्टे सोडवले, सीट उचलून घरात आणली आणि नवऱ्याला फोन लावला. "जावई, तुमीच गाडी आना. पट्टे मात्र मी ओवनार. तुमी सैल ओवाल." पलीकडून नवरा इतक्या जोरानं हसला, की मला ओट्यावर ऐकू आलं.

मुलगी झाली. चौथ्या दिवशी दवाखान्यातून सोडलं. नवऱ्यानं आमची गाडी दाराशी लावली आणि बाबांनी मागच्या सीटवर गुडघा रोवून पट्टे ताणले. लेक त्या सीटमध्ये टोपड्यात एवढीशी दिसत होती. मी तिच्या शेजारी बसले. आईनं आमच्या गाडीचं पुढचं दार उघडलं आणि थबकली. पलीकडे लाल गाडी उभी होती, टप उघडा, पाठीमागे झेंडूचं तोरण. बाबा एकटेच आत बसत होते.

"थांबा," आई म्हणाली. "मी येते."

नवा शालू सावरत, माझ्या नवऱ्याच्या खांद्याचा आधार घेत ती त्या सीटवर टेकली. बाबांनी वाकून तिचा बेल्ट लावला. लग्नाला सदतीस वर्षं झालेल्या त्या दोघांना इतकं लाजताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

किन्हवलीपर्यंत ते पुढे, आम्ही मागे. बाबा इतके हळू चालले होते, की एका ट्रॅक्टरनं आमच्या दोन्ही गाड्यांना मागे टाकलं. रस्त्याकडेला खळ्यावरची माणसं हात वर करून विचारायची, "बाल कुटं?" आणि आई पदर धरून मागे बोट दाखवायची. लेक सगळा वेळ झोपलेली होती.

घरी पोचल्यावर आईला उतरवायला खरंच तीन माणसं लागली. पण रविवारी बाबा धसईच्या बाजाराला निघाले, तर ती पिशव्या घेऊन आधीच गाडीत जाऊन बसलेली. आता दर आठवड्याला दोघं जातात. येताना भोपळा, मेथी, वांगी सगळं तिच्या मांडीवर असतं. भाजीपाला पायाशी ठेव, एअरबॅगसमोर मांडीवर काही नको, असं बाबा तिला दर वेळी सांगतात, आणि ती भोपळा खाली ठेवते, कोथिंबीर तेवढी हातात धरते.