न मोजलेलं गवत

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्याला माहीत नाही. ज्या सरांनी मला शिकवलं, त्यांना तर नाहीच. आज तुम्हाला का सांगतेय – ते माझं मलाही नीट कळत नाही.

मी धाराशिवला कॉलेजात गणित शिकवते. मला ही नोकरी लागली ती एका आलेखाच्या जोरावर. येडशीच्या अलीकडं आमच्या गावचा माळ आहे, त्या माळावरच्या गवताचा आलेख.

एम.एस्सी. झाल्यावर सरांनी मला सजीवांचं गणित मांडायला शिकवलं. गवत थोडं असलं की भराभर वाढतं, माळ भरत आला की वाढ मंदावते, मेंढरं चरली की घटतं – एवढं सगळं दोन ओळींच्या समीकरणात मावतं, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हरखून गेले होते. सर मात्र सारखं बजावायचे की हा आपला अंदाज आहे, माळ काय म्हणतो ते मोजून बघायचं. म्हणून मी उतारावर चार चौकोन आखले. दोन मेंढरांना मोकळे, दोन काट्यांचं कुंपण घालून बंद. दर पंधरा दिवसांनी प्रत्येकातलं हातभर जागेतलं गवत कापायचं, वाळवायचं, वजन लिहायचं. वर्षभर.

ती कुंपणं बिरूमामांनी घालून दिली. मामा त्याच माळावर मेंढरं राखायचे. कुंपण मोडलं की न सांगता नीट करायचे. माझ्या कामावर त्यांचा फार जीव – का, कुणास ठाऊक.

दिवाळीपर्यंत मी नेमानं गेले. पुढं माघापर्यंतही गेले. मग ऊन तापायला लागलं, आणि मी जायचं सोडलं. आजारी होते? नाही. गाडी नव्हती? वडलांची मोटारसायकल दारात उभी असायची. मला नुसता कंटाळा आला होता – दुसरं काही नाही. पाऊस पडून गेल्यावर तरी जायला हवं होतं. खरा प्रश्न तिथंच होता – चरलेलं गवत परत कसं येतं? तेव्हाही गेले नाही.

एकदा मामा बाजारात भेटले. म्हणाले, मोकळ्या चौकोनांत हिरवं दाट आलंय, बंद चौकोनांत जुन्या वाळक्या गवतानं नवं दाबून टाकलंय. मग विचारलं, "पोरी, तुजी मापं झाली का?"

मी म्हटलं, "झाली, मामा. कालच येऊन गेले."

ते दिवसभर माळावरच असायचे. मी आले नव्हते, हे त्यांना कळलं नसेल? मला अजून सांगता येत नाही.

आता ते सांगते, जे सांगायला इतका वेळ लावला. राहिलेल्या महिन्यांचे आकडे मी आमच्या स्वयंपाकघरात बसून लिहिले. कुठून आणले? माझ्याच समीकरणातून. खरे वाटावेत म्हणून काही थोडे वर केले, काही थोडे खाली. समीकरणानं सांगितलेलंच मी माळाच्या नावावर लिहिलं, मग दोन्हींचं जुळणारच होतं. सरांनी पाठ थोपटली. मामांचं म्हणणं मी वहीत कुठंच लिहिलं नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर... पण गावात समिती बसली. माळ उघडा पडत चाललाय, चराई बंद करायची का, यावर बैठक होती. सरांनी माझा आलेख मांडायला सांगितला. मी मांडला. आलेखात मेंढरं होती तिथं गवत संपत गेलं होतं.

कुणीतरी बिरूमामांना विचारलं, तुमचं काय म्हणणं? मामा उठले. मी खाली मान घातली. आता ते बोलणार, आणि सगळं उघडं पडणार. पडावं असंही वाटत होतं – खरंच वाटत होतं.

मामा म्हणाले, "माजं काय, नुसतं डोळ्यानं बघितल्यालं. पोरीनं मापून घेतलंय वर्सभर. तिचंच खरं असंल."

मला नुसतं एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोलले.

उतार बंद झाला. मामांनी एक-दोन वर्षं मेंढरं लांबलांब नेऊन पाहिली, मग विकली. आता त्या उतारावर घाणेरीची झुडपं माजलीत आणि मधेमधे वाळकं, कुणी न खाल्लेलं गवत. आणखी कशाकशानं तसं झालं असेल, मला ठाऊक नाही. ठाऊक करून घ्यायचं काम माझंच होतं.

गेल्या महिन्यात येडशीच्या स्टँडवर मामा दिसले. थकलेत. माझ्या लेकीच्या तोंडावरून हात फिरवला, तिची शाळा विचारली. मग माळाकडं बघत म्हणाले, "आजून किती वर्सं लागतील गं, चांगलं गवत परत यायला? तुज्या गणितात काय निगतंय?"

मी म्हटलं, "दोन-तीन वर्षं, मामा."

त्यांनी मान डोलावली. बोटांवर काहीतरी मोजलं – बहुतेक स्वतःचं वय – आणि गाडीत चढले.