बोंडच वाकडं

परवा घरात नव्या कापसाचा ढीग लागला आणि त्या उन्हात तापलेल्या वासानं मले एक जुनी वेचणी आठवली. बायको बायांसंगं वावरात वेचत होती. म्हणी उलट्यापालट्या करून हसवायची तिले भारी खोड. पण मी बांधावर आलो का साऱ्या गप्प. "काय हसून राह्यल्या?" विचारलं तं "काही नाही जी." मले पक्का संशय, ही माह्यावरच बोलते. म्हणून एक दिवस तिच्या शेजारची ओळ धरून मीही वेचाले लागलो. आमच्याकडे गडीमाणूस कापूस वेचत नाही. वाळल्या बोंडाचं टोक बोटात घुसलं. "हे बोंडच खराब," मी म्हटलं. ती लगेच बोलली, "वेचता येईना, बोंड वाकडं!" बाया खाली बसून हसल्या. घरी येताना मी सरळ विचारलं, "रोज माह्यावरच हसता ना?" "हो," ती म्हणाली. "दुसरीच्या नवऱ्यावर हसली तं भांडणं होतील. आपला बरा." त्या रात्री मी जेवलो, पण तिच्याशी बोललो नाही. औंदा ती नाही. पोरगा-सून लय मानानं वागतात, ताट आधी माह्यापुढं ठेवतात. माह्यावर हसत मात्र कोणी नाही.