सारखी पायली

आमच्या गावच्या भंडाऱ्याचा जुना नियम मी मोडला. मोडताना मला वाटत होतं, मी न्याय करतो आहे.

आमचं गाव तापीकाठचं. चैत्रात, हनुमान जयंतीला, मारुतीच्या पारापाशी वरण-बट्टीची पंगत बसते. बट्टीसाठी ज्याची जमीन मोठी त्यानं गहू जास्त द्यायचा, लहान असेल त्यानं थोडा. जमीनच नसेल त्यानं भाजायला गोवऱ्या आणायच्या. शहाद्याच्या नोकरीत माझा पगार वाढला, तसा करही जास्त कापला जाऊ लागला. तो राग मी गावात घेऊन आलो. बैठकीत म्हणालो, "जास्त कमावलं हा काय गुन्हा? जमीन असो-नसो, घरटी एक पायली गहू. सगळे सारखे."

"शहादाना साहेब न्याय शिकाडी ऱ्हायना!" माझे म्हातारे काका हसले. बाकी जमीनवाल्यांनी माना डोलावल्या. फायदा आमचाच होता.

आमच्या कोठीतून मी पायली भरली. गव्हात पडलेला खळगा हळूहळू बुजला, नदीतून ओंजळ काढली की पाणी मिटतं तसा. कोठीला कळलंही नाही.

पंगत बसली, तेव्हा आमच्या केळीत मजुरीला येणारी मावशी दिसली नाही. बोलवायला गेलो. दार उघडं होतं. दुपारचं ऊन तिच्या पत्र्याच्या डब्यात उतरलं होतं. कापणीनंतर शेतांतून वेचलेले गहू होते त्यात, आणि त्यांच्यामधून डब्याचा तळ चमकत होता.

"माले भूक नही, भाऊ," ती म्हणाली. मग खाली बघत, "दरसाल गवऱ्या लई येऊ. आते रिकामा हाते कसं बठू?"

मी परतलो. वर्षभर तो तळ मला दिसत राहिला. केळीच्या पानांआड, पुलावरून जाताना पाण्यात, झोपेच्या कडेला. कर कापल्यावरही माझ्या घरातला खळगा बुजतच होता. एवढी साधी गोष्ट पन्नाशीला आल्यावर कळावी, याची लाज वाटायची.

यंदाच्या बैठकीत मीच उठून जुना नियम परत मागितला.

"साहेबना ताप उतरना!" काका म्हणाले. सगळे हसले, मीही. ताप उतरला होता, नियमही परत आला होता.

तिथून मावशीकडे गेलो. ती अंगणात गोवऱ्या थापत होती. चपला काढून मी उभा राहिलो.

"मावशी, मन्हं चुकनं. गेल्या सालनी पंगत तुन्हाबिगर बठनी, ती मन्हामुये. माले माफ कर."