गराजच्या दारातलं दही

अमेरिकेतल्या मराठी घरात दह्याचे रिकामे डबे कसे वाढतात, देव जाणे. मुद्दाम कुणी साठवत नाही, पण कपाट उघडलं की चार अंगावर पडतात. आमच्या अप्पांच्या किश्श्यांचं तसंच झालंय. परवा त्यांच्या आठवणीसाठी आमच्या कॅरी गावातल्या घरी सगळे जमले, तर रडायचं सोडून लोक दुपारभर हसत होते.

अप्पा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्या आणि समीरने, माझ्या नवऱ्याने, त्यांना साताऱ्याहून इकडे आणलं. येताना ते दोन बॅगा आणि एक नियम घेऊन आले. घरातलं कुणीही महत्त्वाच्या कामाला निघालं की त्याच्या तळहातावर चमचाभर दही द्यायचं आणि म्हणायचं, "सावकाश जा, लवकर ये."

मी तशी या भानगडींत पडणारी बाई नाही. पण माझं ऐकतो कोण!

*

पहिल्याच आठवड्यात समीरचा प्रमोशनचा इंटरव्ह्यू होता. अप्पा आंघोळबिंघोळ करून, वाटी घेऊन पुढच्या दारात उभे. समीर नेहमीसारखा गराजमधून गाडी काढून गेलासुद्धा.

बऱ्याच वेळाने अप्पा आत आले. "वृंदा, हा घरातून निघतो तरी कुठून?"

मी गराज दाखवलं.

"मग ते पुढचं दार कशाला बांधलंय?"

"पॅकेजेस ठेवायला, अप्पा."

दुसऱ्या दिवशी त्यांची फोल्डिंग खुर्ची गराजमध्ये गेली. ती तिथून कधी हलली नाही.

*

आमचा मित्र मकरंद व्हिसा स्टॅम्पिंगसाठी पुण्याला चालला होता. अप्पांनी त्यालाही बोलावून हातावर दही दिलं. मकरंदने चाटलं आणि म्हणाला, "अप्पा, मस्त गोड आहे हो."

डबा पाहिला तर व्हॅनिला फ्लेवरचा. घाईघाईत समीरने दुकानातून तोच उचलला होता.

पुढे मकरंदचं स्टॅम्पिंग रखडलं, बिचारा सगळा उन्हाळा आईच्या घरी बसून इथल्या मीटिंगा करत होता. कॉन्सुलेटचं काय कारण होतं ते आजतागायत कळलेलं नाही. आमच्या ग्रुपमध्ये मात्र ते सगळ्यांना माहीत आहे.

त्या दिवसापासून अप्पांनी दही विरजायचं काम स्वतःकडे घेतलं. इथल्या थंडीत दही लागावं म्हणून रात्री पातेलं अवनमध्ये ठेवायचं आणि आतला दिवा लावायचा, हे त्यांना मीच शिकवलं. आणि एकदा पिझ्झ्यासाठी आत न बघता अवन चारशे डिग्रीवर तापवला, तोही मीच. अप्पांनी पातेलं घासून पालथं घातलं. आणि समीरची दुसऱ्या दिवशीची फ्लाइट त्यांनी कॅन्सल करायला लावली.

*

आमच्या लेकीची, ईशाची, ड्रायव्हिंग टेस्ट. अप्पांनी दही दिलं, हिने खाल्ल्यासारखं केलं आणि हात जीन्सला पुसून टाकला. अरुंद रस्त्यात गाडी उलट वळवायच्या थ्री-पॉइंट टर्नमध्ये नापास.

घरी आल्यावर अप्पांनी एवढंच विचारलं, "हात पुसलास?"

पुढच्या वेळी हिने बोटांसकट चाटलं. तरी नापास! अप्पा म्हणाले, दही जरा आंबट झालं होतं, पोरीची काही चूक नाही. तिसऱ्यांदा पास झाली तेव्हा परीक्षक आमच्याकडे फार प्रेमाने बघत होता. त्याच्या तळहातावरही काहीतरी पांढरं दिसत होतं, पण मी विचारलं नाही.

*

शेजारच्या कॅरलचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं. अप्पा वाटी घेऊन तिच्या ड्राइव्हवेत हजर. ईशाने सगळं समजावून सांगितलं. कॅरल बिचारी म्हणाली, डॉक्टरांनी काहीही खायला मनाई केलीय. पण अप्पांचा चेहरा बघून तिने हात पुढे केला, दही घेतलं आणि कुत्र्याला चाटवलं.

आम्हाला वाटलं, आता अप्पा रागावणार. ते म्हणाले, "चालेल. घरचाच आहे."

कॅरलचा गुडघा आता ठणठणीत आहे. कुत्रा मात्र रोज आमच्या गराजपाशी येऊन बसायचा.

*

एकदा मी गराजमध्ये कपडे वाळवत होते, तेव्हा ईशा अप्पांना विचारत होती, "आजोबा, हू गिव्ह्ज इट टू यू?"

"आजी द्यायची. आपलं आपल्या हातावर घ्यायचं नसतं." मग म्हणाले, "तिला अँब्युलन्समध्ये घातलं ना, त्या गडबडीत तिच्या हातावर द्यायचं राहिलं. दही घरात होतं गं."

ती परत आली नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. ईशाला ते माहीत होतं.

ती उठली, आत गेली आणि वाटी घेऊन आली. अप्पांनी हात मागे घेतला. "मी कुठे चाललोय? जाईन तेव्हा दे."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

माझ्या हातातला टॉवेल किती वेळ तसाच होता, मला आठवत नाही.

*

अप्पा गेले ते त्या खुर्चीतच, भर दुपारी. समीर ऑफिसात, मी वरच्या खोलीत मीटिंगमध्ये, ईशा कॉलेजसाठी दूर शार्लट शहरात. कॅरलचा कुत्रा भुंकायला लागला म्हणून मी खाली आले.

फ्युनरल होममध्ये सगळं फार शांत आणि नीटनेटकं असतं. काळ्या सुटातला माणूस हळू आवाजात समीरला कुठे उभं राहायचं ते सांगत होता. ईशा थेट शार्लटहून ड्राइव्ह करून आली होती. तिने बॅगेतून दह्याचा एक जुना डबा काढला. डॉर्ममधल्या मायक्रोवेव्हमध्ये दूध कोमट करून, स्वेटरमध्ये गुंडाळून तिने रात्री दही लावलं होतं.

तिने अप्पांचा उजवा हात उघडला आणि तळहातावर चमचाभर दही ठेवलं.

"आजोबा, सावकाश जा, लवकर ये."

सुटातल्या माणसाला वाटलं, काहीतरी सांडलं. तो लगबगीने टिश्यू घेऊन पुढे झाला.

ईशाने त्याचा हात धरला. "नो, प्लीज. पुसायचं नाही."