बाराचं ऑपरेशन

एका नर्सच्या फोनपासून सुरू झालेलं ते प्रकरण अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. तेव्हा मी रायपूरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. नर्स मूळची भंडाऱ्याची. मी मराठी आहे हे तिला ठाऊक होतं.

"साहेब, आमच्या सरकारी दवाखान्यातून पेशंट उठून जाऊन राहिले. इलाज सुरू असतो, तरी जातात. काहून जातात, तेच समजत नाही मले."

गुन्हा असा दिसत नव्हता. कुतूहल मात्र वाटलं. साध्या वेशात गेलो आणि 'स्वतःच्या मर्जीने गेले' असे अर्ज मागवले. महिन्याभरातले पाच. अंगठे वेगवेगळे, मजकुराचं अक्षर मात्र एकच. पाचही अर्जांत 'जिम्मेदारी' हा शब्द 'जिमेदारी' असा लिहिलेला.

पाचवा अर्ज उरला या औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमधल्या एका कामगाराचा होता. पाय यंत्रात चिरडला होता. भनपुरीकडच्या एका खासगी रुग्णालयात तो सापडला, पण पाय गुडघ्याखाली कापलेला. बायको म्हणाली, पांढरा कोट घातलेल्या एका भैयाने इथे आणलं. अर्जही त्यानेच लिहिला.

नर्सने वर्णनावरून माणूस ओळखला. पूर्वी त्याच सरकारी दवाखान्यात कंत्राटी वॉर्डबॉय होता. ठाण्यात आणल्यावर त्याने सगळं नाकारलं. मी आवाज चढवला नाही. कागद पुढे सरकवला आणि म्हटलं, "तुमच्या जिम्मेदारीवर जबाब लिहून द्या." त्याने पहिल्याच ओळीत 'जिमेदारी' लिहिलं. पाचही अर्ज शेजारी ठेवले, तेव्हा त्याची मान खाली गेली.

"यहाँ डॉक्टर नहीं आएगा, ऐसा बोलता था," तो म्हणाला. "पर साहब, घसीटा किसी को नहीं। पास बैठा, पानी दिया, बात की। चले आते थे।"

तपासासाठी दोन्हीकडचे केस पेपर मागवले. सरकारी दवाखान्यात कामगार अकराला आला, पंधरा मिनिटांत सर्जनने तपासला, बाराचं ऑपरेशन ठरलं. खासगीत स्वच्छ खोली लगेच मिळाली, बायकोला खुर्ची, चहा मिळाला, डॉक्टरांनी समजावूनही सांगितलं. पण रक्तवाहिन्यांचे सर्जन बाहेरून यायचे. ते चारला आले. बाराला झालं असतं तर पाय कदाचित वाचला असता, असं तज्ज्ञांनी मत दिलं. त्याच रुग्णालयाने आधीच्या चौघांपैकी एका म्हाताऱ्याचं मोडलेलं खुब्याचं हाड उत्तम बसवलं होतं, हेही मी डायरीत नोंदवलं.

पेशंट खासगीत पळवणाऱ्या या दलालावर आरोपपत्र दाखल झालं, शिक्षाही झाली. त्याला पोसणारा खासगीतला व्यवस्थापक सहआरोपी होता, तो पुराव्याअभावी सुटला. त्याची खंत आहे.

तपासात कामगाराच्या बायकोचा जबाब पुरा करताना मी तिला बाराच्या ऑपरेशनचं सांगितलं. तिने नवऱ्याचं पांघरूण गुडघ्याखाली सारखं केलं.

"हमन ला कोनो नइ बताइस, साहब," ती म्हणाली. आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

सरकारी दवाखान्यात ती अर्धा तास ऑपरेशन थिएटरच्या बाहेरच्या बाकावर बसून होती. सर्जन आत तयारीत, नर्स एका वेळी तीस खाटा बघणारी. तिच्याशी बोलला तो फक्त दलाल.

कुठला दवाखाना चांगला, असं लोक मला अजून विचारतात. डॉक्टर, वेळ, यंत्रं हे कागदावरून ताडून पाहता येतं. बाहेर बसलेल्या बाईशी कोण बोललं, हे लिहायला मात्र दोन्हीकडच्या केस पेपरांत रकानाच नव्हता.